बावीस गेले, तीन आले

"काम ना धाम, आन् निस्तं बूड हापटत जायाचं," सोनाबाई पुटपुटली.

ती कुणाला उद्देशून बोलत नव्हती. पण गाडीतल्या दोघींच्या बाकड्यावर पाऊण जागा तिची आणि पाव माझी, त्यामुळे पुटपुटणं थेट माझ्या कानात शिरत होतं. "भुईमुगाची खुरपण तशीच ऱ्हायली. म्हशीला वैरण कोण टाकंल? तर म्हणं, एस्टीला माणसं पायजेत. पायजेत तर एस्टीनं स्वतः जन्माला घालावीत की."

"मावशी, बुधवार हाय. तुमची पाळी हाय," मी म्हणाले.

"ठावं हाय गं बये. तुझ्याच वहीत नाव हाय न्हवं माजं."

वही माझी होती, हे खरं.

ह्या गोष्टीला आता अठ्ठावीस वर्षं झाली. आमच्या करंजओढ्यात आज दारोदारी मोटारसायकली आहेत. तेव्हा एकच गाडी होती. संध्याकाळी यायची, बिरोबाच्या देवळापुढं मुक्काम करायची, सकाळी साडेसहाला तेवीस किलोमीटरवरच्या तालुक्याला निघायची. डेपोचं पत्र आलं, की ह्या गाडीला उतारू नाहीत, दोन महिने बघू, आकडा वाढला नाही तर फेरी बंद. भारमान असा शब्द होता पत्रात. ग्रामसेवकानं तो तीनदा वाचला, तरी कुणाला कळेना. मग नामू परटानं सोडवून सांगितलं, "आरं, गाडी वझं वाहाया तयार हाय, पर वझं गावंना, आसं म्हणत्यात."

गावानं तोड काढली. देवाच्या नैवेद्याची जशी पाळी असते, तशी गाडीची पाळी. रोज वीस घरांतून एकेक माणूस सकाळच्या गाडीनं तालुक्याला जायचं. काम असो नसो, तिकीट काढायचं. पाळी चुकवली तर बिरोबाला नारळ आणि वर चारचौघांत मान खाली. यादी पहिल्यांदा ग्रामसेवकानं केली. पण त्याचं अक्षर त्याला स्वतःलाच लागेना. तेव्हा माझे सासरे, ज्यांना मी मामा म्हणत असे, म्हणाले, "आमची मालन लिहील. पाचवी शिकलीय, पण अक्षर डाळिंबाच्या दाण्यावानी हाय."

पाचवी शिकले होते ते माहेरी. पुढचं सगळं सासरी, नणंदेच्या दप्तरातून. जयू अकरावीला होती. ती शाळा करून आली की मी तिची पुस्तकं उघडायची. तिला ती नकोशी आणि मला हवीशी, असा आमचा छान व्यवहार होता. त्या आठवड्यात ती अर्थशास्त्राचा धडा घोकत होती.

"वाहतूक आणि दळणवळण ह्या देशाच्या अर्थव्यवस्थेच्या रक्तवाहिन्या आहेत. वाहतूक आणि दळणवळण ह्या..."

मी भाकरी थापता थापता विचारलं, "म्हंजे आपली साडेसहाची गाडीबी रक्तवाहिनीच?"

"वैनी, ते रेल्वेचं, बंदराचं असतं. आपल्या गाडीचं न्हाई."

"का? तिला रगत न्हाई?"

"पेपरात आसं लिहिलं तर मास्तर शून्य देतील."

पण मला ते डाचत राहिलं. आमचं घर घोंगड्या विणणारं. मामांच्या मागावरची घोंगडी दर मंगळवारी गाडीच्या टपावर चढायची. मग मी वहीच्या मागच्या पानापासून एक दुसरीच यादी सुरू केली: गाडीतून काय काय जातं आणि काय काय येतं. टपालाची थैली, वर्तमानपत्रांचा गठ्ठा. इस्माईलच्या दुकानाचा पाव. कोंबड्यांची लस, बर्फाच्या डब्यात, ड्रायव्हरच्या पायाशी. सोनाबाईची अंडी भुशात घातलेली. केरसुण्यांचे भारे. एकदा कुणाच्या तरी लेकीचं बारशाचं आमंत्रण, तोंडी, कंडक्टरकरवी. एकदा घड्याळ, नुसतं दुरुस्तीला जाणारं. मला फार मौज वाटायची. इतकी वर्षं गाडी बघत होते, पण तिच्या पोटात गावाचा निम्मा जीव येतो-जातो हे लिहून काढल्यावर दिसलं. ह्यातलं एकही बोचकं डेपोच्या आकड्यात येत नव्हतं. तिथं मोजायची ती नुसती तिकिटं.

माझी खरी गाठ मात्र वेगळीच होती. जयूला कॉलेजला पाठवताना मामांनी एकच अट घातली होती. "पोरगी एस्टीनं जाईल, एस्टीनं येईल. वडापात गड्यांच्या मांडीला मांडी लावून जायाची न्हाई. गाडी बंद, तर शाळा बंद." मामा कठोर नव्हते, पण बोलल्या शब्दाला मागावरच्या धोट्यासारखे सरळ जाणारे. म्हसवडकडच्या एका घरातून तिच्यासाठी विचारणा येऊन राहिलीच होती. गाडी थांबली असती, तर त्या उन्हाळ्यात जयूच्या अंगाला हळद लागली असती. दप्तर कुणी माळ्यावर टाकलं असतं, ते मला ठाऊक होतं, मीच.

आणि वडाप म्हणजे? तालुका ते करंजओढा माणसं वाहणारी ती हिरवी जीप आमच्या घरचीच होती. आमचे हे चालवायचे. नाव घ्यायचंच झालं तर हणमंत. आता वय झालं, घेते.

त्या बुधवारी आम्ही बावीसजण तालुक्याला उतरलो. पाळीचे वीस, त्यांत मी आणि एक खराच कामाला आलेला तलाठ्याचा शिपाई, वर जयू धरून कॉलेजच्या दोघी पोरी. साडेसात वाजलेले. करायचं काय, हा प्रश्न. बाप्ये हॉटेलात एका चहावर दोन तास बसले. परसू गुरव सलग तिसऱ्या बुधवारी दाढी करायला गेला, न्हावी म्हणाला, "आरं बाबा, उगवू तरी दे." सोनाबाई सरकारी दवाखान्यात जाऊन दात तपासून आली. तिला दात चारच होते. बाकीच्या आम्ही तहसील कचेरीपुढच्या लिंबाखाली फतकल मारून बसलो, तर पोलीस आला.

"कसला मोर्चा?"

"मोर्चा न्हाई, साहेब," मी म्हणाले.

"मग मागणी काय?"

"काय न्हाई. बसलोय."

"उपोषण?"

"जेवलोय आत्ताच," सोनाबाई भाकरीचं फडकं दाखवत म्हणाली. तो बिचारा वहीत काय लिहावं ते न सुचून निघून गेला.

साडेतीनला स्टँडच्या कोपऱ्यावर ओळखीचा हॉर्न वाजला. "चला, चला, करंजओढा! दोन माणसं कमी, दोन माणसं!" आमचे हे 'दोन माणसं कमी' असं रिकाम्या जीपलाही म्हणत. सोनाबाई फडकं झटकत उठली. म्हशीची धार काढायची वेळ होत आली होती. मागे नऊ, मध्ये सहा, पुढे मी आणि सोनाबाई. बाकीचे दुसऱ्या खेपेला थांबले. वाटभर बोलणं एकच. एसटी कशी वाचवायची.

"पालकमंत्र्याला निवेदन देऊ," मागून परसू म्हणाला.

"गाडी जुनी हाय, म्हणून माणूस चढत न्हाई," आणखी कुणी.

"कंडक्टरबी कुरकुऱ्या हाय."

"एस्टी गेली तर गाव मेलंच म्हणा," सोनाबाई म्हणाली, आणि ह्यांना खांद्यावर चापट मारून, "हणमंता, खड्डं चुकीव की रं, चारच दात ऱ्हायल्यात!"

सगळे हसले. मीही हसले.

पंधरवडा गेला. मुक्कामी गाडीच्या ड्रायव्हर-कंडक्टरला घरटी एकेक संध्याकाळचं जेवण घालायची गावाची रीत होती. आमची पाळी आली. ड्रायव्हरचा उपास होता, म्हणून चोपडे कंडक्टर एकटेच आले. दिवेलागण होत होती. ते, मामा आणि हे अशी तीन पानं मांडली. मी वाढत होते, जयू दारात पुस्तक घेऊन.

मी विचारलं, "चोपडेभाऊ, आता तरी आकडा वाढला का हो?"

"कुठला वाढतोय, वैनी. चाळीस टक्क्यांच्या वर सरकंना."

"आसं कसं? सकाळी बावीस-बावीस माणसं चढवतो की आम्ही. यादी हाय माझ्याकडं. कुणी चुकत न्हाई."

"सकाळी चढत्यात. सकाळचं काय म्हणणं न्हाई आपलं."

"मंग?"

चोपडेंनी मान वर केली. समोर हे भाकरी मोडत होते. चोपडेंनी ह्यांच्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, मामांकडं बघितलं, आणि कालवणाच्या वाटीत बघितलं.

"भाकरी झ्याक झालीया, वैनी," ते म्हणाले.

मामा म्हणाले, "आजून घ्या एक."

"घ्या की," हे म्हणाले.

कुणीच वर बघेना. मी तव्याकडं गेले. भाकरी चांगली झाली होती, पण इतकीही नव्हती, की माणसानं वाक्य अर्धं टाकावं.

माझा स्वभाव असा, की अर्धं वाक्य दिसलं की झोप येत नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सव्वासहाला मी पाण्याची घागर घेऊन देवळापुढं उभी राहिले. गाडी आली. दार उघडलं. जयू उतरली. पाटलांची संगी उतरली, तीही कॉलेजची. मग बराच वेळ कुणी नाही. शेवटी नामू परीट उतरला, झोकांड्या खात; तो दारू प्याला की कुठल्याही गाडीत चढायचा, पुढं कुठली आहे ते बघायचा नाही. त्याच्यामागं टपालाची थैली घेऊन चोपडे.

मी आत डोकावले. रिकामी बाकडी.

"आजच्या पाळीची माणसं कुठायत?" मी विचारलं.

चोपडे म्हणाले, "वैनी, मला कशाला इचारता?"

मी घागर भरलीच नाही. तशीच गावातून चक्कर मारली. आज पाळी असलेला किसन ओट्यावर बसून मुलाचं डोकं भादरत होता. कोंडाबाई धार काढून मोकळी झाली होती. गुरवाच्या घरात चुलीवर भात शिजला होता. सगळे आले होते, केव्हाच. तालुक्याहून सव्वापाचला सुटणाऱ्या गाडीसाठी कोण थांबणार? साडेतीनला, पाचला जीप मिळते, दारात सोडते. पाळी जायची होती. यायचं कुणी बोललंच नव्हतं. वहीत मी रकाना एकच आखला होता.

घरी येऊन मी दुसरा रकाना आखला. तेरा दिवस संध्याकाळी घागर घेऊन उभी राहिले. बावीस, तीन. एकवीस, दोन. बावीस, तीन. दर बुधवारच्या आकड्याला पेन अडखळायचं, आणि का ते मला कळायचं नाही. मग एका संध्याकाळी कळलं, की त्या फरकात मीही आहे, आणि मी वही मिटून तांदळाच्या डब्यात ठेवली.

गावाला हे दिसत नव्हतं का? सगळ्यांना दिसत होतं. पण बोलायचं कुणी? गेल्या पावसाळ्यात ओढ्याला पाणी असताना कोंडाबाईच्या सुनेला कळा सुरू झाल्या, तेव्हा हीच जीप पाण्यात घातली होती ह्यांनी. लेकरू जीपच्या मागच्या बाकड्यावर झालं. बाप आजही त्याला जीप्या म्हणतो. अंगणात विंचू चावलेल्याला, पडलेल्या म्हाताऱ्याला, कुणालाही ह्यांनी 'भरल्याशिवाय निघत नाही' म्हटलं नव्हतं. अशा माणसाला तोंडावर काय म्हणायचं? आणि म्हणणारा स्वतः कुठं बसून आला होता? म्हणून जो तो पालकमंत्र्याचं नाव घेत होता. ते लांब राहत होते, बरं पडत होतं.

शनिवारी हे जीप धूत होते. मी बादली भरून दिली.

"एक इचारू?"

"इचार की. परवानगी कवापासनं लागाया लागली?"

"येताना किती माणसं आणता?"

फडकं थांबलं. मग पुन्हा फिरू लागलं. "मी कुणाला हात धरून बसवतो का?"

"न्हाई."

"हॉर्न वाजवतो. ज्याला यायाचं तो येतो."

"व्हय."

"मी न्हाई आणलं तर खालच्या गावचा बंड्या आणंल. त्याची गाडी टपलेलीच हाय." ते चाकापाशी बसले. "आन् जयूचं म्हणशील, तर मी सोडीन तिला. भाऊ हाय मी तिचा."

"किती वाजता?"

"आं?"

"सकाळी किती वाजता सोडाल? पावणेआठाला पहिला तास असतो तिचा."

"भरली की निघायचं."

"आन् न्हाई भरली तर?"

चाकाच्या खोबणीतली माती ते काडीनं काढत राहिले, जणू त्या मातीतच काही हरवलं होतं. मला त्यांची दया आली, रागही आला. त्या जीपवर आमची चूल चालत होती. मी खाल्लेल्या प्रत्येक घासात ती होती. मग मला तरी तोंड कुठलं?

"टपालाची थैली न्याल?" मी हळूच विचारलं. "मामांची घोंगडी? सोनाबाईची अंडी?"

"आगं, मी काय मालगाडी हाय का?"

"न्हाई. म्हणूनच इचारलं."

रविवारी सकाळी डेपो मॅनेजर आले. पांढरा शर्ट, खिशाला पेन, बगलेत फाइल. माणूस सभ्य होता. बिरोबाला हात जोडून मगच खुर्चीवर बसला. सारा गाव देवळापुढं. बायका एका बाजूला. जयू खांबाशी उभी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत. हे सगळ्यांच्या मागं, जीपच्या बॉनेटला टेकून.

मॅनेजर म्हणाले, "दोन महिने संपले. मला गाडी बंद करायची हौस नाही. कारण सांगा, मी वर लिहितो."

मग कारणांचा पाऊस पडला. गाडी जुनी. रस्ता खराब. वेळ अडचणीची. कंडक्टर सुटे देत नाही. परसू गुरव उठून म्हणाला, की मागच्या बाकड्याचा खिळा वर आलाय आणि त्यानं त्याचं धोतर फाटलं. ते फाटलेलं धोतर त्यानं दाखवलंही. मॅनेजरांनी तेसुद्धा लिहून घेतलं.

"पण सकाळी इतके लोक येतात, त्याचं कौतुक आहे. त्याची काही नोंद आहे का?"

मामा म्हणाले, "मालन, वही दे साहेबांना."

सकाळीच तांदळाच्या डब्यातून काढलेली वही माझ्या हातात होती. द्यावी लागली. पदर सावरून पुढं गेले, दिली, आणि मागं न जाता तिथंच उभी राहिले. मॅनेजरांनी पान उलटलं. चष्मा काढला, पुसला, लावला.

"हा दुसरा रकाना कसला?"

"संध्याकाळचा," मी म्हणाले.

"सकाळी बावीस. संध्याकाळी तीन." त्यांनी पुढचं पान बघितलं. "बावीस, तीन. आमच्याकडंही हेच आहे, मला वाटलं आमचीच चूक." ते खरोखर गोंधळले होते. "म्हणजे रोज एकोणीस माणसं तालुक्याला जातात आणि परत येत नाहीत? महिन्याभरात गाव रिकामं व्हायला हवं होतं."

कुणी हसलं नाही. परसू धोतराचं भोक बघू लागला. कोंडाबाईनं नातवाचं नाक पुसलं. ते स्वच्छच होतं. सोनाबाई देवाकडं बघत होती.

"येतात कशानं?" मॅनेजरांनी विचारलं.

"चालत," नामू परीट म्हणाला.

"तेवीस किलोमीटर?"

"सवय हाय."

मॅनेजरांनी वही मिटली. "हे बघा. मला वर एकच गोष्ट लिहावी लागेल. येताना ह्या गावाला गाडीची गरज दिसत नाही." त्यांनी खिशाचं पेन काढलं, फाइल मांडीवर घेतली.

मामांनी जयूकडं बघितलं. एकदाच. मग त्यांनी मान फिरवली आणि घसा साफ केला. माझ्या लक्षात आलं, की म्हसवडला निरोप ह्याच गाडीनं जाणार, चोपडेंकरवी, तोंडी. जयूच्या बोटावर ओढणी आवळून राहिली, सुटेना.

मी तोंड उघडलं. दोन शब्द होते सगळे मिळून, घशात आलेले. समोर सासरे, भोवती गाव, मागं नवरा, आणि त्या बुधवारचा माझा स्वतःचा एक आकडा. मी तोंड मिटलं. मॅनेजर लिहायला लागले. शाई उमटत नव्हती. त्यांनी पेन झटकलं.

मागं जीपच्या पत्र्याचा आवाज झाला, टेकलेला माणूस सरळ उभा राहिल्यावर होतो तसा. लोक बाजूला सरकले. हे पुढं आले, माझ्याकडं न बघता, माझ्या शेजारी उभे राहिले.

"माझ्या जीपनं येत्यात, साहेब," ते म्हणाले. "रोज. सगळी. माझ्या घरची धरून."